चौऱ्याहत्तर वर्षांचा विद्यार्थी

"काही खाल्लं का?"

आमच्या मैदानावर उडायला उभं राहिलं की वॉकीटॉकीवर पहिला प्रश्न हा यायचा. पंख मागे गवतावर पसरलेला, पट्टे आवळलेले, दोर छातीपाशी अडकवलेला, वारा नेमका समोरून, आणि नऊशे मीटर पलीकडून एक म्हातारा माणूस विचारतो आहे की काही खाल्लं का. गोऱ्यांना तोच प्रश्न इंग्रजीत. कुणी एकदा म्हणालं, "यस, टू डोनट्स." खरखरत उत्तर आलं, "डोनट इज नॉट फूड." दोर काही हलला नाही. त्या गृहस्थांना पट्टे सोडून गाडीकडे जावं लागलं, केळं खावं लागलं आणि साल उंच धरून दाखवावी लागली. मग दोर ताणला गेला.

"रिकाम्या पोटी माणूस घाई करतो," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

मी त्यांना काका म्हणायचो. मूळचे नागपूरचे. पन्नास वर्षांपूर्वी या देशात आले, सरकारी नोकरीत तीस वर्षं पुलांची तपासणी केली, निवृत्त झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पॅराग्लायडिंग शिकायला आमच्या क्लबात नाव घातलं. त्या वयात माणसं गुडघ्यांची काळजी घेतात. काकांनीही पुढे घेतली, पण ती बरीच उशिरा.

आधी क्लबाविषयी थोडं सांगतो. आमच्या किचनर शहराच्या आसपास डोंगर नाहीत. डोंगर नसला की उडणाऱ्याला पतंगासारखं दोराने वर ओढावं लागतं. शेताच्या एका टोकाला विंच, म्हणजे ट्रेलरवर बसवलेलं इंजिन आणि दोर गुंडाळणारा मोठा ड्रम. दुसऱ्या टोकाला आम्ही. विंचवाला दोर गुंडाळत जातो तसे आपण वर चढतो. तीन-चारशे मीटरवर पोचलो की दोर सोडून द्यायचा. पुढे आपण आणि हवा. ज्या शेतकऱ्याचं हे शेत, त्याने ते आम्हांला दोन अटींवर वापरायला दिलं आहे: उडण्याच्या कामातला प्रत्येक माणूस क्लबाचा सभासद हवा, आणि क्लबाचा विमा चालू हवा. या दोन अटी पाळण्यासाठी आमच्याकडे नियमांची एकोणीस पानं आहेत. ती सांभाळण्याचं काम माझ्याकडे आहे.

तुमच्यापैकी कुणी मंडळाचं काम केलं असेल, तर ते कसं गळ्यात पडतं हे सांगायला नको. एका वार्षिक सभेत मी म्हणालो की यादीतली सभासदसंख्या आणि अहवालातली संख्या यांत तीनचा फरक आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी सभासद-सचिव झालो. घरी बायको म्हणाली, "आपल्या मंडळातून आत्ताच सुटलास ना? आता गोऱ्यांचं घेतलंस."  

काकांची आणि माझी ओळख माझ्या पहिल्याच दिवशी झाली. मी फॉर्म भरत होतो आणि चौथ्या कलमाचा अर्थ विचारत होतो. मागून मराठीत आवाज आला.

"पुण्याचे का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"उडायला आलेला माणूस आधी वर पाहतो. तुम्ही कागद पाहून राहिले."

त्यांचं घर माझ्या घरापासून अकरा मिनिटांवर निघालं. मैदान बावन्न मिनिटांवर. पुढची सात वर्षं, मे ते ऑक्टोबर, हवा बरी असेल त्या प्रत्येक शनिवारी मी त्यांना घ्यायला जायचो. ते ड्राइव्हवेच्या टोकाला डबा घेऊन उभे असत. डब्यात थालीपीठ किंवा पराठे, नेहमी चार जास्त. काकू गेल्यावर त्यांचं त्यांनी शिकून घेतलं होतं. मी एकदा म्हणालो की चारच का, पाच का नाहीत. ते म्हणाले, "उपाशी येणारे सरासरी तीन असतात, राजे. चौथं तुम्हांला."

विंचवर काका बसले की डावा हात लिव्हरवर आणि उजवा दोर कापायच्या खटक्यावर. खटका त्यांनी सोळा वर्षांत दोनदाच वापरला, आणि दोन्ही वेळा दोरावरचा माणूस चालत घरी गेला. पण मला आठवतो तो प्रसंग खटका न वापरल्याचा, मार्कोचा. वॉन शहरातल्या एका गोदामात काम करणारा, धिप्पाड, हसरा मार्को. तो साठेक मीटर वर गेला असेल तेवढ्यात वारा फिरला आणि पंख एका बाजूला ओढला जाऊ लागला. आम्ही सगळे इकडून ओरडत होतो. काकांनी दोर कापला नाही. एवढ्या खाली कापला असता तर तो गरकन फिरून जमिनीवर आला असता. त्यांनी ताण हळूहळू उतरवला, जणू झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून हात काढतोय. पंख सरळ झाला, मार्को उतरला आणि गवतात बसून राहिला.

परतताना मी विचारलं, "किती किलोवर आणला होता ताण?"

"ते पाहायला वेळ कुठला? दोर ओढायचा नसतो, राजे. द्यायचा असतो."

माझ्या नोंदवहीत गेल्या हिवाळ्यापर्यंत दोनशे बारा उड्डाणं होती. त्यांतली दोनशे चार काकांच्या हातची. हा आकडा मला पुढे बरेच दिवस छळत राहिला.

गेल्या फेब्रुवारीत विम्याचा नवा फॉर्म आला. त्यात एक रकाना नवा होता: विंच चालवणाऱ्यांची नावं आणि त्यांचे पायलट-परवाना क्रमांक. मी बेसमेंटमध्ये बसून जुन्या फायली काढल्या. आमच्या अध्यक्ष लिंडाचा क्रमांक मिळाला, मार्कोचा मिळाला. काकांचा मिळेना. मग त्यांचे फॉर्म एकेक करून पाहिले. सोळा फॉर्म. प्रत्येकावर, 'पात्रता' या शब्दापुढे, त्यांच्या सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिलेला: विद्यार्थी.

नियम असा की विद्यार्थ्याने दोन वर्षांत पंचवीस उड्डाणं पुरी करून परवाना घ्यावा, नाहीतर सभासदत्व संपतं. आणि विंच फक्त परवानाधारक पायलटनेच चालवावी. काकांनी काहीच लपवलं नव्हतं. आधीच्या सचिवांनी फॉर्म वाचले नव्हते. पहिल्या वर्षी मीही जुनी यादीच पुढे ढकलली होती. सोळा वर्षं क्लबातला प्रत्येक माणूस एका विद्यार्थ्याच्या हातून वर जात होता.

मी हे त्यांना फोनवर सांगितलं नाही. मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा टाकला, मी फॉर्म टेबलावर ठेवले.

"काका, तुमची उड्डाणं किती झाली?"

"तेवीस."

"पंचवीस लागतात."

"माहीत आहे मला. दोन उरली आहेत." ते साखर ढवळत राहिले. "तेव्हाचा विंचवाला डोंगरात राहायला गेला, बी.सी. प्रांतात. तो म्हणाला, आजच्यापुरता बस. मी बसलो. कोणी दुसरं आलं की करतो म्हटलं दोन."

"आणि कुणी आलं नाही."

"येतात ना. उडायला येतात." ते हसले. "तुम्ही तरी कधी म्हणाले का, काका, आज मी बसतो म्हणून?"

मी म्हणालो नव्हतो. सात वर्षांत एकदाही नाही.

"आता करू या दोन. मेमध्ये, एका दिवसात होतील."

त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर टिचक्या मारल्या. "टायटॅनियम. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो, चाला, पळू नका. आणि यात पळावं लागतं, निघताना पण आणि उतरताना पण." मग म्हणाले, "विंचवर बसायला गुडघे लागत नाहीत. तेवढं जमवा, राजे. बाकी मला काही नको."

त्या वाक्याने माझी झोप गेली, असं म्हणणं नाटकी होईल. मी झोपत होतो. पण सकाळी उठलो की पहिलं तेच आठवायचं.

लिंडा शाळेत गणित शिकवते. कमिटीच्या व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "त्या रकान्यात माझं नाव लिही आणि पुढे जा. विंचवर कोण बसलंय हे पाहायला कुणी शेतात येत नाही." मार्को म्हणाला, "हवं तर माझं लिही." मी म्हणालो की उद्या दोर तुटला आणि कुणाचं पाठीचं हाड मोडलं, तर पहिला प्रश्न हाच येईल की लिव्हरवर हात कुणाचा होता. विमा नाकारला जाईल, शेत जाईल, आणि तो माणूस आयुष्यभर खुर्चीत बसेल.  लिंडा म्हणाली, "तू बरोबर आहेस. तू नेहमीच बरोबर असतोस." ते कौतुक नव्हतं.

मी विमा कंपनीला लिहिलं. उत्तर सरळ आलं: क्लबाच्या घटनेत 'प्रशिक्षित जमीन-सहायक' असा वेगळा वर्ग असेल, तर त्या वर्गातला माणूस विंच चालवू शकतो. म्हणजे घटनादुरुस्ती. ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या वार्षिक सभेत करायची, आणि विम्याची यादी मार्चअखेर पाठवायची. नंतर नाव घालता येत नाही, पुढच्या वर्षीच. मी मसुदा केला, सभेची नोटीस काढली, तीन आठवणपत्रं पाठवली. मतदानाचा हक्क असलेले सभासद बासष्ट. दुरुस्तीसाठी एक तृतीयांश हजर हवेत, प्रत्यक्ष. बासष्टचा एक तृतीयांश वीस पूर्णांक सहासष्ट, म्हणजे एकवीस. चौतीस जणांनी येतो म्हणून कळवलं. मी निश्चिंत झालो. आकडे पाहून निश्चिंत होणं ही माझी जुनी खोड आहे.

सभेच्या संध्याकाळी गोठणारा पाऊस पडला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी: पाऊस पडताना पाणी असतो आणि रस्त्यावर टेकला की काच होतो. काका तासभर आधीच कम्युनिटी सेंटरवर पोचले होते आणि पायऱ्यांवर मीठ टाकत होते. आत त्यांनी चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या.

सात वाजता मी डोकी मोजली. अठरा. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबता येतं, तेवढं थांबलो. आणखी दोघं आले, भिंतीला धरत धरत. मार्कोचा फोन आला की हायवे बंद केला आहे, ट्रक आडवा झालाय, तो गाडीतच बसून आहे. फोनवरून मत देता येईल का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. साडेसातला पुन्हा मोजलं. वीस, मला धरून.

"पुन्हा एकदा मोज," लिंडा म्हणाली.

मी वर पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि बाकीचे तिसऱ्या रांगेकडे. तिसऱ्या रांगेत काका बसले होते, मांडीवर टोपी. काकांना धरून खोलीत माणसं बरोबर एकवीस होती. आकडा लिहिणारा मी एकटा होतो, आणि तिथल्या कुणीही तो पुढे कधी तपासला नसता.

पण विद्यार्थ्याला मत नसतं. दुसरं पान, सातवं कलम. आणि ज्या माणसाला लिव्हरवर बसवण्यासाठी आम्ही नियमात राहायचं ठरवलं होतं, त्यालाच नियमाबाहेर मोजून त्याची सुरुवात करायची? हे मी तेव्हा असं नीट मांडलं नाही. मी फक्त म्हणालो, "वीस."

कुणीतरी मागून म्हणालं, "फॉर गॉड्स सेक."

काका उभे राहिले. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्याने बरोबर मोजलंय." मग माझ्याकडे वळून मराठीत, "बसा, राजे. पाय आखडून राहिले तुमचे."

सभा तहकूब झाली. लोक घाईने निघाले, रस्ते अजून बिघडत होते. हॉल नऊला रिकामा करायचा होता. चाळीस खुर्च्या काकांनी आणि मी मिळून रचल्या.  मी फक्त दमलो होतो. शेवटच्या रांगेपाशी मी म्हणालो, "काका, मेमध्ये खास सभा घेऊ. दुरुस्ती नक्की होईल. एकाच सीझनचा प्रश्न आहे."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी एक सीझन म्हणजे किती, ते गणित तुम्हीच करा. तुमचं गणित चांगलं आहे."

त्यात टोमणा होता का? मी पुष्कळदा आठवून पाहिलं. आवाज साधाच होता.

मेमध्ये खास सभा झाली. एकोणतीस हजर, दुरुस्ती एकमताने मंजूर, पुढच्या वर्षापासून लागू. तोवर सीझन सुरू झाला होता. विंचवर बसण्यासाठी मी पाळीपत्रक केलं: बारा परवानाधारक, प्रत्येकाला दोन शनिवार. पहिल्या सहा शनिवारांपैकी दोनदा पाळीवाला आलाच नाही, त्याच्या जागी बसायला कुणी तयार होईना, आणि हवा छान असताना वीस माणसं गवतात बसून सँडविच खाऊन घरी गेली. काका दोनदा आले. पाहुण्यांनी गाड्यांच्या रांगेमागे बसायचं असतं, तिथे घडीची खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या वेळी एका पाळीवाल्याने उडणाऱ्या एकीला दोराचा असा हिसका दिला की तिचं डोकं मागे फेकलं गेलं. काकांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून पुढे सरकला आणि हवेतच थांबला.  पुढच्या शनिवारी मी घ्यायला गेलो, तर म्हणाले, "आज तुम्ही जा. मला घर आवरायचं आहे."

खरंच आवरत होते. मुलगी दूर पश्चिमेला, रेजिना शहरात सरकारी नोकरीत आहे, ती चार वर्षं बोलावत होती. आत्तापर्यंत ते म्हणायचे, विंच कोण पाहील? आता ते म्हणायला जागा उरली नव्हती. ऑगस्टमध्ये घर विकलं गेलं.

निघायच्या आदल्या सकाळी ते आमच्याकडे आले. बायकोने आत या म्हटलं, चहा टाकते म्हटलं. ते दारातच उभे राहिले. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही होती.

"जो कोणी विंचवर नेहमी बसेल, त्याला द्या."

"तुम्ही पुढच्या वर्षी येऊन बसा ना. आता नियम झालाय."

"दोन हजार सातशे किलोमीटर आहे, राजे. मोजलं मी." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच. "पाळ्या लावू नका. पाळीने हात तयार होत नाही. एकालाच बसवा."

ते गेले. वही मी त्याच दुपारी उघडली. प्रत्येक सभासदाला एक पान, सगळं इंग्रजीत, पेनाने, पुलाच्या तपासणीचा अहवाल लिहावा तसं. मार्को: वजन एकशे चार, डावीकडे झुकून पळतो, वारा वाढला की गप्प होतो, तेव्हा थांबवावं. लिंडा: वजन बासष्ट, घाई करते, शाळेच्या आठवड्यानंतर थकलेली असते, तेव्हा दोनदा विचारावं. अशी अडुसष्ट पानं. क्लब सोडून गेलेल्यांचीही होती.

माझं पान त्रेचाळिसावं. ते तेवढं मराठीत होतं.

'वजन अठ्ठ्याहत्तर. सुटताना दोन पावलं जास्त पळतो. शंभर मीटरपर्यंत पाय आखडून धरतो. भितो, सांगत नाही. ताण दहा किलो कमी ठेवावा. पाय सैल सुटलेले दिसले की मगच वाढवावा.'

दोनशे चार वेळा. शेताच्या त्या टोकाला एक माणूस माझे पाय सैल व्हायची वाट पाहत बसला होता, आणि मी वर जाऊन उंचीचा आकडा टिपत होतो.

पाळीपत्रक मी रद्द केलं. विंचवर कायम बसायला लिंडा तयार झाली, तिचं स्वतःचं उडणं कमी करून. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मी वही तिला दिली. ती विंचच्या ट्रेलरवर बसून पानं उलटत होती. स्वतःचं पान वाचून तिने नाकाने एक आवाज काढला आणि पुढे गेली. त्रेचाळिसाव्यावर थांबली.

"हे कुणाचं?"

"माझं."

"काय लिहिलंय?"

मराठी वाचणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. वजन सांगितलं, दोन पावलं सांगितली, पाय आखडण्याचं सांगितलं. पुढच्या शब्दासाठी मी आधी 'केअरफुल' म्हणालो. मग म्हणालो, नाही, तसं लिहिलेलं नाही. तिथे 'भितो' असं आहे, म्हणजे 'अफ्रेड'. दहा किलोचं सांगितलं.

लिंडाने कानामागची पेन्सिल काढली आणि मराठी ओळींच्या खाली ते सगळं इंग्रजीत, मी सांगितलं त्या क्रमाने, लिहून घेतलं.